अखेर कागदावर उमटलेली धडधड

सोमवार, १३ जानेवारी २०२५. भोगीचा दिवस होता. रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी ओट्याखालच्या कपाटातून परात काढण्यासाठी मी वाकले आणि सरळ होताना छातीत काहीतरी निसटल्यासारखे झाले. पुढच्याच क्षणी हृदय इतक्या वेगाने धावू लागले की ठोके मोजणेही शक्य होईना. ही धडधड छातीपेक्षा गळ्यात अधिक जाणवत होती. घशाच्या खड्ड्याशी कोणी आतून बोटाने भराभर टकटक करत असावे, तशी. संक्रांतीच्या गुळपोळ्यांसाठी तीळ भाजून ठेवले होते. गॅस बंद करण्याचे भान राहिले, एवढेच.

हा माझा पहिला झटका नव्हता. २०१७, २०१९ आणि २०२२ असे तीन वेळा हेच घडले होते आणि दरवेळी दहा ते पंचवीस मिनिटांत ते जसे अचानक सुरू झाले तसेच अचानक थांबले होते. २०१९ मध्ये मी धडधडतच दवाखान्याकडे निघाले, पण तिथे पोहोचेपर्यंत ठोके पूर्ववत झाले आणि ईसीजी अगदी नॉर्मल निघाला. २०२२ मध्ये चोवीस तास हृदयाची नोंद ठेवणारे होल्टर यंत्र छातीला लावले. त्याचे अडीच हजार रुपये झाले, पण त्या चोवीस तासांत काहीच घडले नाही, त्यामुळे तो अहवालही निर्दोष आला. आमच्या कुटुंबाच्या डॉक्टरांनी आस्थेनेच सांगितले की हे वय असे असते, तुम्ही मनाला फार लावून घेता. झोप लागण्यासाठी त्यांनी एक गोळीही दिली. मी बँकेत नोकरी करते, मार्चअखेरीचा ताण दरवर्षीचा असतो, त्यामुळे हळूहळू मलाही ते पटू लागले होते.

भोगीच्या रात्री मात्र पंचवीस मिनिटे उलटली तरी धडधड थांबेना. डोळ्यांपुढे किंचित अंधारी येत होती आणि हात गार पडले होते. करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर मुलीने बोटाला लावला, तर नाडीचा आकडा १९० दिसला. रक्तदाबाचे यंत्र तीनदा लावूनही आकडा न दाखवता नुसते एरर दाखवत राहिले. यंत्र बिघडले असावे, असे आम्हाला वाटले. इतक्या वेगवान ठोक्यांत घरगुती यंत्राला अनेकदा रक्तदाब मोजताच येत नाही, हे नंतर समजले. समोरच्या काकांनी गाडी काढली आणि आठ चाळीसला आम्ही पुण्यातल्या कर्वेनगरहून निघालो. सणाच्या आदल्या दिवसाची खरेदी अजून चालू असल्यामुळे कर्वे पुतळ्यापासून नळ स्टॉपपर्यंत गाड्या खोळंबल्या होत्या. यजमान सारखे मागे वळून माझ्याकडे पाहत होते आणि मला बोलावेसे वाटत नव्हते.

इथे एक चूक झाली, ती सांगते. आम्ही १०८ क्रमांकाला फोन करायला हवा होता. महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेली ही रुग्णवाहिका सेवा निःशुल्क आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. वाटेत मला भोवळ आली असती तर गाडीत बसलेल्या आम्हा तिघांपैकी कोणालाही काही करता आले नसते. छातीत दुखत असेल, श्वास लागत असेल किंवा शुद्ध हरपते आहे असे वाटत असेल, तर घरच्या गाडीचा विचारच करू नये, आणि अशा वेळी स्वतः गाडी चालवत तर मुळीच जाऊ नये.

नऊ वाजून पाच मिनिटांनी आम्ही रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत पोहोचलो. दारातल्या मामांनी व्हीलचेअर आणली. नाव, वय, पत्ता विचारणाऱ्या खिडकीपाशी यजमानांना थांबवून मला थेट आत नेले गेले. आत गेल्यावर मी पहिले वाक्य बोलले ते असे : "धडधड आत्ता चालू आहे, आधी ईसीजी काढा." पूर्वीच्या तिन्ही वेळी कागद कोराच राहिला होता, म्हणून गाडीतच हे वाक्य मी मनात तयार करून ठेवले होते. सिस्टरनी एक शब्दही न विचारता इलेक्ट्रोड लावले. नऊ बारा ही त्या ईसीजीवर छापलेली वेळ आणि १९६ हा ठोक्यांचा वेग.

ड्यूटीवरच्या डॉक्टर वयाने माझ्या मुलीहून फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी पट्टी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "काकू, हा हार्ट अटॅक दिसत नाही. याला एसव्हीटी म्हणतात. हृदयातल्या विजेची वाट चुकली आहे, ती आपण रुळावर आणू." आठ वर्षांत माझ्या धडधडीला पहिल्यांदाच नाव मिळाले होते. मला रडू आले आणि ते भीतीचे नव्हते.

त्यानंतर त्यांनी एक साधा उपाय करून पाहिला. दहा मिलिलीटरची रिकामी सिरिंज तोंडात धरून तिचा दट्ट्या हलेल इतक्या जोराने मला पंधरा सेकंद फुंकायला लावले आणि लगेच कॉट आडवी करून माझे दोन्ही पाय पंचेचाळीस अंशांत पंधरा सेकंद उचलून धरले. अशा रीतीने छातीतला दाब वाढवून तो एकदम सोडला की मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस ही नस चेतवली जाते आणि विजेचा चुकलेला फेरा तुटू शकतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत पाय वर उचलण्याच्या या सुधारित पद्धतीने ४३ टक्के रुग्णांचे ठोके पूर्ववत झाले होते, तर नुसते बसून फुंकणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १७ टक्केच होते. माझ्या बाबतीत त्या रात्री हा उपाय दोनदा करूनही वाया गेला.

मग तो फेरा औषधाने तोडण्यासाठी ॲडेनोसिनचे इंजेक्शन ठरले. दमा आहे का, हे डॉक्टरांनी दोनदा विचारले, कारण दम्याच्या रुग्णांना हे औषध जपून द्यावे लागते. हे औषध रक्तात जेमतेम काही सेकंद टिकते, म्हणून सुई मनगटाऐवजी कोपराच्या खळगीतल्या मोठ्या शिरेत टोचली, आणि औषधामागोमाग सलाईनचा झोत सोडायला दुसऱ्या सिस्टर तयार उभ्या राहिल्या. देण्यापूर्वी डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले की काही क्षण अतिशय वाईट वाटेल, आता सारे संपले असेही वाटेल, पण मी इथेच आहे आणि ते पंधरा-वीस सेकंदांत जाईल. हे सांगितले नसते तर मी काय केले असते, याची मला कल्पना करवत नाही. पहिल्या सहा मिलिग्रॅमने चेहरा तापला, छातीवर जड शिळा ठेवल्यासारखे झाले, पण ठोके पुन्हा पूर्वीच्याच वेगावर गेले. दुसरा डोस बारा मिलिग्रॅमचा होता. त्या वेळी मॉनिटरवरची रेषा क्षणभर सपाट झाली, माझ्या आतही एक विलक्षण शांतता पसरली, आणि मग एक ठोका पडला, थोड्या अवकाशाने दुसरा. नऊ एक्केचाळीसला वेग ८८ झाला होता. तब्बल दीड तासाने मला माझा श्वास स्वतःचा वाटला.

त्यानंतर तासाभरात मला तीनदा लघवीला जावे लागले. याचाही त्या धडधडीशी संबंध असतो; हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण आला की तिथून लघवी वाढवणारे एक संप्रेरक रक्तात सोडले जाते. पूर्वीच्या झटक्यांनंतरही असेच व्हायचे, पण कोणाला सांगण्यासारखी ती गोष्ट आहे असे मला कधी वाटले नव्हते. ही खूण डॉक्टरांना जरूर सांगावी.

मी आत असताना यजमान बिलिंगच्या खिडकीवर होते. त्यांच्याकडून २५,००० रुपये डिपॉझिट भरून घेण्यात आले. आयसीयूत एक रात्र ठेवायचे ठरले, कारण ट्रोपोनिन या रक्ततपासणीचा आकडा मर्यादेपेक्षा थोडा वर आला होता. हा आकडा ऐकून यजमानांचा चेहरा उतरला, कारण हार्ट अटॅकचे निदान करणारी तपासणी म्हणूनच तिचे नाव त्यांना ठाऊक होते. एका कनिष्ठ डॉक्टरांनी अँजिओग्राफीचा विषयही काढला. रात्री अकराला आलेल्या हृदयरोगतज्ज्ञांनी मात्र शांतपणे समजावले की हृदय इतका वेळ १९६ च्या गतीने धावले की हा आकडा थोडा वाढू शकतो. तीन तासांनी पुन्हा तपासू, सकाळी टूडी इको करू, मगच काय ते ठरवू. दुसरा आकडा वाढला नाही, इकोमध्ये हृदयाची रचना आणि पंपिंग उत्तम निघाले, आणि अँजिओग्राफी करावी लागली नाही. थायरॉईड आणि पोटॅशियमही व्यवस्थित होते. हिमोग्लोबिन तेवढे कमी, १०.४ होते.

संक्रांतीची सकाळ आयसीयूत उजाडली. रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या मावशींनी पदराच्या गाठीतली तिळाची वडी माझ्या हातावर ठेवली. खायची परवानगी नव्हती, म्हणून ती मी उशीखाली ठेवली आणि डिस्चार्जनंतर गाडीत खाल्ली.

आता विम्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण दुखण्याइतकाच त्रास त्याने दिला. कॅशलेसची विनंती गेल्यावर टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेकडून, शंका आली : केसपेपरवर "आठ वर्षांपासून धडधडीचा त्रास" असे लिहिले आहे, तर हा आजार पॉलिसीपूर्वीचा आहे का? हे मीच डॉक्टरांना सांगितले होते आणि ते खरेही होते. सुदैवाने आमची पॉलिसी २०१४ ची होती आणि पहिला झटका २०१७ चा. मुलीने घरून पहिल्या पॉलिसीची प्रत आणि २०१९ चा दवाखान्याचा कागद आणला, डॉक्टरांनी तारखांसह चार ओळींचे पत्र दिले आणि मंजुरी आली. माझे सांगणे असे की डॉक्टरांपासून काहीही लपवू नये, पण त्रास कधी सुरू झाला ते महिना आणि वर्ष घालून सांगावे आणि तसेच लिहिले आहे का ते पाहावे. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसी सलग पाच वर्षे चालू असेल, तर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

त्याच नियमांत असे आहे की कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय व्हावा आणि रुग्णालयाने डिस्चार्जची विनंती पाठवल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यावी. उशिरामुळे रुग्णालयाने जास्तीची आकारणी केली, तर ती कंपनीने सोसायची. बुधवारी सकाळी दहाला डिस्चार्जचा कागद तयार झाला आणि आम्ही दुपारी साडेतीनला बाहेर पडलो. दोन वाजता यजमानांनी खिडकीवर जाऊन, आवाज न चढवता, या नियमाचा उल्लेख केला आणि विनंती किती वाजता पाठवली ते लेखी मागितले. त्यानंतर हालचाल झाली. एकूण बिल ४६,३८० रुपयांचे होते. त्यातले ४,९१० रुपये हातमोजे, सिरिंज अशा वस्तूंचे म्हणून विम्यातून वगळले गेले. ते वजा करून डिपॉझिटची उरलेली रक्कम नऊ दिवसांनी खात्यात जमा झाली.

शेजारच्या कॉटवरच्या आजींचा मुलगा मात्र पैशांच्या चिंतेने रात्रभर बाकावर बसून होता. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. सिस्टरनी त्याला सकाळी समाजसेवा विभागात पाठवले आणि तिथे रेशनकार्ड व उत्पन्नाचा दाखला मागितला गेला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याच्याकडेही चौकशी करावी. ही दोन कागदपत्रे घरात हाताशी असणे फार मोलाचे आहे.

घरी येताना ठोक्यांचा वेग आवरणारी मेटोप्रोलॉलची गोळी आणि शुक्रवार, २४ जानेवारीची तारीख मिळाली. ती होती हृदयाच्या विजेचा अभ्यास करणाऱ्या, म्हणजे ईपी तज्ज्ञांकडची. तपासणी शुल्क १,२०० रुपये होते आणि दोन तास दहा मिनिटे थांबावे लागले, पण आत गेल्यावर त्यांनी मला पूर्ण पंचवीस मिनिटे दिली. पाठकोऱ्या कागदावर चित्र काढून ते म्हणाले, "वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारी वीज एका नाक्यातून जाते. काहींच्या या नाक्यापाशी जन्मतःच दोन वाटा असतात, एक जलद आणि एक संथ. एखादा अवेळी ठोका पडला की वीज संथ वाटेने उतरते, जलद वाटेने परत वर चढते आणि तिथेच गरगर फिरत राहते." वाकल्यावर हे सुरू होणे, गळ्यात ठोके जाणवणे आणि अचानक थांबणे या तिन्ही गोष्टी या प्रकारात अनेकदा आढळतात, असेही ते म्हणाले. हा प्रकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक दिसतो आणि कित्येक जणींना वर्षानुवर्षे चिंतेचा विकार म्हणूनच औषधे दिली जातात, हे त्यांच्या तोंडून ऐकले तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या यजमानांनी माझा हात धरला.

त्यांनी दोन मार्ग सांगितले : गोळ्या घेत राहणे, किंवा ॲब्लेशन करून, म्हणजे शिरेतून हृदयात तार नेऊन ती जागा जाळून, संथ वाट कायमची बंद करणे. यशाची शक्यता पंचाण्णव टक्क्यांहून अधिक होती. मात्र जाळायची जागा मुख्य नाक्याच्या अगदी जवळ असल्यामुळे शंभरात सुमारे एकाला किंवा त्याहूनही कमी जणांना कायमचा पेसमेकर बसवावा लागू शकतो, हे त्यांनी लपवले नाही. मी लगेच होकार दिला नाही. ३१ मार्चचा ताळेबंद पार पडू दे, असे मी म्हणाले. खरे कारण तेवढेच नव्हते. मला त्या एकाची भीती वाटत होती.

निर्णय झाला तो १९ फेब्रुवारीला. शिवजयंतीची सुट्टी होती आणि कपडे वाळत घालताना पुन्हा तेच सुरू झाले. तज्ज्ञांनी शिकवल्याप्रमाणे मी सिरिंजमध्ये फुंकले, मुलीने पाय उचलले, आणि दुसऱ्या प्रयत्नात ठोके जागेवर आले. हा उपाय घरी करायचा तो निदान झाल्यावर आणि डॉक्टरांनी स्वतः करवून घेतल्यावरच. यश आले याचा आनंद झाला, पण गोळ्या चालू असतानाही झटका आला होता. दुसऱ्या दिवशी मी तारीख मागितली.

गुरुवार, ३ एप्रिल २०२५ ला ॲब्लेशन झाले. आधीचे काही दिवस गोळी बंद ठेवायला सांगितली होती आणि आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचे होते. कॅथलॅबमध्ये कमालीची थंडी असते. मोजे चालतील का, असे मी विचारले आणि त्यांनी होकार दिला. भूल फक्त जांघेपुरती होती आणि गुंगीचे थोडे औषध दिले होते, त्यामुळे मी जागी होते. जांघेतल्या शिरेतून तारा हृदयापर्यंत नेल्यावर त्यांनी विजेचे सूक्ष्म धक्के देऊन माझी धडधड मुद्दाम सुरू केली. "तीच का ही?" असा प्रश्न आला आणि मी म्हणाले, "हीच." इतकी वर्षे जी मला कोणाला दाखवता आली नव्हती, ती त्या क्षणी खोलीतले सहा जण पडद्यावर पाहत होते. जाळताना छातीत हलकी ऊब आणि थोडे दुखणे, याहून अधिक काही जाणवले नाही. नंतर अर्धा तास थांबून, औषध देऊन धडधड पुन्हा सुरू होते का ते पाहिले. झाली नाही. एकूण एक तास चाळीस मिनिटे लागली. त्यापुढचे सहा तास पाय सरळ ठेवून उताणे पडून राहणे हेच मला सर्वांत कठीण गेले. बिल १,९२,००० रुपये झाले आणि त्यातले ११,४०० रुपये आम्हाला भरावे लागले.

पुढचे पाच-सहा आठवडे मधूनच एखादा ठोका चुकायचा आणि मी घड्याळ पाहू लागायचे, पण तो एकच ठोका असायचा. असे होणार हे आधीच सांगितलेले होते, तरी रात्री जाग यायची. जूनपासून तेही थांबले.

ईसीजीच्या कागदाविषयी एक गोष्ट राहिली. तो उष्णतेने उमटणारा कागद असल्यामुळे काही महिन्यांत फिका पडतो, म्हणून त्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढावी आणि फोटोही काढून ठेवावा. माझ्या मूळ पट्टीवरचा १९६ हा आकडा जुलैतच पुसट झाला होता. ७ जुलैला मी तिची प्रत घेऊन आमच्या कुटुंबाच्या डॉक्टरांकडे गेले. माझ्या मनात तक्रार नव्हती. त्यांना ते माहीत असावे, एवढेच वाटत होते. त्यांनी चष्मा पुसून पट्टी दोनदा पाहिली आणि भोगीच्या रात्री नेमके काय काय झाले ते पहिल्यापासून सांगायला लावले. निघताना ते म्हणाले, "ही प्रत माझ्याकडे राहू द्या. अशाच तक्रारी घेऊन येणाऱ्या दोघीजणी आहेत, त्यांना मी उद्या बोलावून घेतो."